कंपनी सगळं बघते

रोह्याजवळचं धाटाव, महाड, लोटे-परशुराम या पट्ट्यातल्या कारखान्यांतली डिप्लोमावाली पोरं मला फोन करतात. कोणीतरी नंबर दिलेला असतो. ‘काका, गल्फचा कॉल आलाय, काय करू?’ बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. ‘दुबईच्या मागे लागू नकोस. रुवैसची नोकरी असेल तर डोळे झाकून घे. गाव लांब आहे, पण कंपनी सगळं बघते.’ हे मी मनापासून सांगत होतो. आता सांगत नाही. माझं स्वतःचं इथे रुवैसमध्ये काही वाईट झालेलं नाही. पगार कधी थकला नाही, कोणी हाकललं नाही. तरीही मत फिरलं, आणि ते का फिरलं हे एकदा नीट मांडावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी गाव सांगतो. रुवैस अबू धाबी शहराच्या पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवर, सौदीच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत आहे. या भागाला आता अल धफ्रा म्हणतात. २०१७ पर्यंत त्याचं नाव अल घरबिया, म्हणजे पश्चिम विभाग, असं होतं. जमीन अफाट, माणसं थोडी. उत्तरेला आखात, दक्षिणेला खारट मातीची सपाटी आणि तिच्यापलीकडे लिवाच्या वाळूच्या टेकड्या. तेलशुद्धीकरण कारखाना १९८१ साली सुरू झाला आणि वसाहतीचं उद्घाटन १९८२ मध्ये झालं. आज त्या कारखान्याची क्षमता दिवसाला आठ लाख पिंपांच्या वर आहे. शेजारी बोरूजचा पॉलिमरचा कारखाना आला. शाह आणि हबशानच्या वायुक्षेत्रांतून गंधकाने भरलेली मालगाडी इथे येते. पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर बराकाचा अणुवीज प्रकल्प आहे, त्यातली चौथी अणुभट्टी २०२४ मध्ये वीज देऊ लागली.

एवढा पसारा चालवायला लागणारी कुशल माणसं या किनाऱ्यावर कधीच नव्हती. फिटर, वेल्डर, ऑपरेटर, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, सगळे बाहेरून आणलेले. मी इन्स्ट्रुमेंटवाला. ट्रान्समीटर, कंट्रोल व्हॉल्व्ह, कॅलिब्रेशन आणि शटडाऊन लागला की रात्रपाळ्या. माझी नोकरी सरकारी तेल कंपनीत नाही, देखभालीचा ठेका घेणाऱ्या एका खासगी कंपनीत आहे. सरकारी तेल कंपन्यांच्या नोकरांचे नियम वेगळे असतात, तेव्हा इथे सांगतो ते सगळं आमच्यासारख्या ठेकेदारांकडच्या माणसांचं.

इथे परदेशी माणूस राहतो तो कोणाच्या तरी जबाबदारीवर. नोकरदाराच्या बाबतीत तो कोणीतरी म्हणजे मालक. काम करायचा परवाना तोच काढतो आणि राहायचा परवाना त्याच्याच नावावर निघतो, साधारण दोन वर्षांचा. माझ्या परवान्यावर बायकोचा, आणि त्यावरच मुलीचा. एमिरेट्स आयडी असल्याशिवाय शाळा नाही, बँक नाही, घराचं वीज-पाणी नाही. बायको इथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत गणित शिकवते. तिला कामाचा परवाना शाळेने दिला, तरी राहण्याचा परवाना माझ्याच नावावर आहे. म्हणजे माझ्या मालकाने एक कागद रद्द केला तर चार कागद रद्द होतात.

या साखळीत मला कधी काही खटकलं नाही. उलट मी तिची बाजू घेऊन भांडत असे. माझे मुद्दे असे होते. माणूस आणण्याचा खर्च कायद्याने मालकाचा. परवान्याचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, आणि नोकरी संपली की परतीचं तिकीटही बहुतेक वेळा त्यानेच द्यायचं. शिवाय वाळवंटात घर, शाळा, दवाखाना दुसरं कोण बांधणार? ज्याला माणूस हवा त्यानेच. आणि हा देश खोटी आशा दाखवत नाही. काम करा, पैसे घ्या, परत जा, एवढाच सौदा. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, रुपया घसरतो. २००८ च्या सुरुवातीला एका दिरहमला अकराच्या आतबाहेर रुपये मिळायचे, २०२४ मध्ये बावीस-तेवीस. काहीही न करता गावाकडचं कर्ज हलकं होत गेलं. अशा सौद्यावर कोणी कुरकुर केली की मी म्हणायचो, आपल्याकडे किर्लोस्करवाडीही अशीच उभी राहिली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या ओसाड माळावर कारखाना नेला, माणसं नेली, त्यांना घरं दिली. त्याचं आपण कौतुक करतो. मग इथेच नाकं का मुरडायची?

मालकाच्या जबाबदारीवर राहायच्या या ‘कफाला’ पद्धतीवर जगभर टीका होते हे मला माहीत होतं. मालकाने पासपोर्ट काढून घेणं, पगार अडकवणं, नोकरी बदलायला ‘रिलीज’ न देणं, हे सगळं मी वाचलेलं होतं. पण तो माझ्या लेखी मजुरांचा प्रश्न होता. आम्ही ‘स्किल्ड’. आमच्याकडे डिप्लोमा, अनुभवाची पत्रं, इंग्रजीतला करार. दहावी पास असल्याने आमच्या पासपोर्टला भारत सरकारची इमिग्रेशन क्लिअरन्सही लागत नाही, याचा आम्हाला अभिमान वाटायचा. ती क्लिअरन्स लागणाऱ्या मजुराच्या करारावर निदान एक सरकारी नजर पडते आणि आमच्या करारावर तेवढीही पडत नाही, ही त्या अभिमानाची दुसरी बाजू मला फार उशिरा दिसली.

पहिला धक्का तेलाच्या भावाने दिला. २०१४ च्या जूनमध्ये पिंपाला ११० डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या जानेवारीत तिशीच्या खाली आला. ठेके आकसले. आमच्याच इमारतीत पेणचं एक कुटुंब राहत होतं. तो आणि मी एकाच युनिटवर काम करायचो, हत्यारं तीच, पाळी तीच. फरक एवढाच की तो मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर होता. त्या कंपनीचा ठेका पुढे वाढला नाही. व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला तेव्हा साधारण महिना मिळायचा. घर कंपनीचं, तेही सोडायचं. मुलगा दहावीला होता. इथे घरच्यांचे व्हिसे आधी रद्द करावे लागतात आणि मग कर्त्याचा. तेव्हा परीक्षेच्या वर्षात पहिला कागद मुलाचा रद्द झाला.

हे वाईट होतं, पण तेवढ्याने माझं मत बदललं नसतं. मंदीत नोकऱ्या जातातच, रोह्यातही जातात. मला विचार करायला लावलं ते पुढच्या गोष्टीने. काही महिन्यांनी तेच काम दुसऱ्या पुरवठादाराला मिळालं. त्याने नवी माणसं आणली. त्या युनिटमधला कुठला लूप उन्हाळ्यात अडतो, कुठल्या व्हॉल्व्हचं पोझिशनर दर शटडाऊनला त्रास देतं, हे पेणच्या त्या माणसाला पाठ होतं. नव्यांना शिकवायला आम्हाला पुढचं वर्ष लागलं. कारखान्याला तो हवा होता, गावाला हवा होता, त्याला राहायचं होतं. पण त्याचा राहण्याचा हक्क ज्या कंपनीच्या खिशात होता तिला तो नको होता, म्हणून तो गेला. माणूस लांबच्या जागी टिकावा म्हणून जी पद्धत आहे असं मी सांगत होतो, तिनेच तिथला मुरलेला माणूस बाहेर काढला.

तरीही मी आशा धरून होतो, कारण कायदा बदलत होता. १ जानेवारी २०१६ पासून नवे नियम लागू झाले. नोटीस देऊन, जुन्या मालकाच्या ना-हरकतीशिवाय, दुसरीकडे जाण्याची वाट मोकळी झाली. पुढे २ फेब्रुवारी २०२२ ला १९८० चा जुना कामगार कायदा जाऊन नवा आला. त्यात पासपोर्ट ठेवून घ्यायला स्पष्ट मनाई आहे. नोटीस ३० ते ९० दिवसांची. पूर्वी स्वतःहून लवकर राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी कापली जायची, ती कपात गेली. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, नंतर ३० दिवसांचा. व्हिसा संपल्यावर राहायची मुदत वाढली. २०२३ पासून बेकारीचा विमा आला, मूळ पगार १६ हजार दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम हप्ता, आणि नोकरी गेली तर तीन महिन्यांपर्यंत मूळ पगाराच्या ६० टक्के. हे कागदावरचे बदल नाहीत. पैसे मिळालेली माणसं मी पाहिली आहेत. मी अबू धाबीतल्या मराठी मंडळींत जोरात सांगायचो की, आता कफाला संपली, ज्याला मालक पटत नाही त्याने खुशाल नोकरी बदलावी.

दुबई-शारजात लोक बदलूही लागले. रुवैसमध्ये फारसं कोणी हललं नाही. सुरुवातीला वाटलं, आमची माणसं सुखी आहेत. मग लक्षात आलं की बदलून जायचं कुठे? इथे माझ्या हुन्नराला गिऱ्हाईक आहे ते मोजक्या मोठ्या कारखान्यांत आणि त्यांचीच कामं करणाऱ्या ठेकेदारांत. ठेकेदारांचा आपसात अलिखित समज असतो की, एकमेकांची माणसं ओढायची नाहीत, नाहीतर पुढच्या निविदेत वाकडं होतं. ते सोडून लांब जावं तर घर गेलं, मुलीची शाळा गेली, बायकोची नोकरी गेली. बंदरावर पापलेट घेणारा व्यापारी एकच असेल तर मासे विकायला कायद्याने कोणी अडवलेलं नसतं, तरी भाव तोच ठरवतो. शहरात मालक बदलणं म्हणजे बस बदलणं, इथे ते म्हणजे बिऱ्हाड मोडणं. कायद्याने ना-हरकत पत्र काढून टाकलं, पण आमच्याकडे त्या पत्राचं काम अंतर करत होतं.

आणि मग मला माझाच किर्लोस्करवाडीचा दाखला नीट आठवून बघावा लागला. तिथल्या कामगाराचं लक्ष्मणरावांशी बिनसलं असतं तर घर सोडावं लागलं असतं, हे खरं. पण तो सांगलीला गेला असता, कुंडलला भाड्याने राहिला असता, शेतावर परत गेला असता, स्वतःचं वर्कशॉप टाकलं असतं. नोकरी गेली म्हणून मुलुख सोडायची वेळ त्याच्यावर आली नसती. घर देणारा मालक आणि राहण्याचा हक्क देणारा मालक यांत किती फरक आहे हे माझ्या ध्यानात नव्हतं. मी दोघांना एकच धरून चाललो होतो.

मत पुरतं बदललं ते भाच्यामुळे. तो फिटर. ऑस्ट्रेलियात गेला, तेही सिडनी-मेलबर्नला नाही, तर पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थपासून सुमारे सहाशे किलोमीटर आत असलेल्या कॅलगुर्लीला. सोन्याच्या खाणींचं गाव. उन्हाळा, धूळ, लांबच लांब रस्ते, आमच्या रुवैसचाच भाऊ शोभेल. माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं की अशा ठिकाणी माणूस नेऊन टिकवायचा तर मालकाचीच दोरी लागते. ऑस्ट्रेलियातही तशी दोरी आहे. दूरच्या भागासाठी मालकाने पुरस्कृत केलेला ४९४ क्रमांकाचा व्हिसा १६ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाला. त्यात मालक ठरलेला असतो. नोकरी सुटली तर नवा मालक शोधायला आधी ६० दिवस मिळायचे, २०२४ मध्ये ती मुदत १८० दिवसांवर नेली. पण त्याच दिवशी त्यांनी दुसराही व्हिसा सुरू केला होता, ४९१ क्रमांकाचा. त्यात राज्य सरकार माणसाचं नाव सुचवतं. अट एकच, मोठी शहरं सोडून ठरवून दिलेल्या भागात राहायचं आणि काम करायचं. कोणाकडे करायचं ते ज्याचं त्याने बघावं. दोन्हींत पाच वर्षं राहता येतं आणि तीन वर्षांनी अटी पुऱ्या केल्या की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

भाचा ४९१ वर गेला. पहिल्या वर्कशॉपमध्ये पाळ्यांवरून बिनसलं तेव्हा त्याने नोटीस दिली आणि त्याच गावातल्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये लागला. घर तेच, शेजारी तेच. त्याच्या ओळखीचा एक जण ४९४ वर आहे. त्याचंही मालकाशी पटत नाही, पण तीन वर्षं पुरी होईपर्यंत तो तोंड मिटून आहे. भाचा हे सगळं फोनवर सहज सांगत होता. माझ्यासाठी मात्र त्यात बऱ्याच वर्षांच्या वादाचा निकाल होता. एकाच देशात, एकाच दिवशी, लांबच्या गावांसाठी निघालेले दोन व्हिसे. एकात माणूस गावाशी बांधलेला, दुसऱ्यात मालकाशी. गावाला माणूस दोन्हींनी मिळतो, आणि मालकाशी बांधल्याने गावाला वरकड काही मिळत नाही. जे वरकड मिळतं ते मालकाला, आणि ते म्हणजे माणसाचं गप्प राहणं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडतो, कारण ती मीच इतकी वर्षं मांडली. आमचा एक मॅनेजर म्हणतो, ‘आम्ही तिकीट, व्हिसा, मेडिकल, ट्रेनिंगवर खर्च करायचा आणि सहा महिन्यांत माणूस शेजारच्या ठेकेदाराकडे गेला तर?’ रास्त आहे. त्यासाठी नोटीस आहेच. शिवाय प्रोबेशनमध्ये असताना देशातच नोकरी बदलली तर आणण्याचा खर्च नव्या मालकाने जुन्याला भरून द्यायचा, अशी तरतूद नव्या कायद्यातच आहे. खर्च वसूल करायला माणसाचा राहण्याचा हक्क तारण ठेवावा लागत नाही. दुसरा आक्षेप असा की हा देश परदेशी माणसाला कायमचं ठेवून घेत नाही, मग ऑस्ट्रेलियाशी बरोबरी कशाला? तीही मी करत नाही. नागरिकत्व मागत नाही, कायमचं वास्तव्यही मागत नाही. परत जायचं हे ठरवूनच आलो आहे. जितक्या वर्षांचा राहण्याचा हक्क असेल तो माझ्या नावावर असावा, एवढंच.

आणि ही काही जगावेगळी मागणी नाही, या देशाने ती अर्धी मान्यही केली आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून इथे ग्रीन व्हिसा मिळतो. पाच वर्षांचा, मालकाच्या पुरस्काराविना. नोकरीचा करार लागतो, पण परवाना स्वतःच्या नावावर असतो, आणि तो संपला तरी सहा महिन्यांपर्यंत राहून दुसरं काही बघता येतं. कुशल नोकरदाराला अटी अशा: कामाच्या वरच्या तीन श्रेणींपैकी एक, महिना किमान १५ हजार दिरहम पगार आणि पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण. टेक्निशियनचं काम श्रेणीत बसतं. पगार जुन्या माणसाचा ओव्हरटाइम धरला तर जवळपास जातो. पण पदवी? रुवैसमध्ये पाना हातात धरणारा जवळजवळ प्रत्येक जण डिप्लोमा किंवा आयटीआय. त्यामुळे जिथे दहा मालक उपलब्ध आहेत त्या दुबईतल्या मार्केटिंगवाल्याला मालकाविना राहता येतं, आणि जिथे मालक मोजकेच आहेत त्या गावातल्या टेक्निशियनला येत नाही. ज्याला गरज जास्त त्यालाच दार बंद. अल धफ्रामध्ये ठरावीक वर्षं काम केलेल्या टेक्निशियनला पदवीची अट शिथिल करून, याच विभागात राहायच्या अटीवर असा व्हिसा द्यावा, असं मला वाटतं. कारखान्यांना मुरलेली माणसं मिळतील आणि ठेकेदार बदलला म्हणून गाव रिकामं होणार नाही.

जे बदललं नाही तेही सांगतो. लांबच्या गावी जाऊ नये, असं मी म्हणत नाही. रुवैसने आम्हाला चांगलं आयुष्य दिलं. इथली नोकरी म्हणजे गुलामगिरी, असं म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालतो. बायकोला माझं हे बदललेलं मत सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘तुम्हाला कधी सोडून जायचंच नव्हतं, म्हणून तुम्हाला काही जाणवलं नाही. मला दर दोन वर्षांनी तुमचा व्हिसा रिन्यू होईपर्यंत शाळेचं पुढचं टाइमटेबल लावायला भीती वाटते.’ इतकी वर्षं हे ती मला बोलली नव्हती, किंवा बोलली असेल तर मी ऐकलं नव्हतं.

पोरांचे फोन अजून येतात. आता मी पगाराआधी तीन गोष्टी विचारायला सांगतो. परवाना कोणाच्या नावावर निघणार, प्रत्यक्ष काम देणाऱ्याच्या की पुरवठादाराच्या? तुझं काम करणारी दुसरी कंपनी तासाभराच्या अंतरावर आहे का? आणि नोकरी सुटली तर घर किती दिवसांत सोडायचं, हे करारात लिहिलंय का? एवढं ऐकून पोरं वैतागतात. म्हणतात, ‘काका, येऊ की नको ते सांगा ना.’ ये, म्हणतो. फक्त आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ओव्हरटाइमच्या मागे धावू नकोस. सुट्टीच्या दिवसांत अभ्यास कर आणि इथे मान्य होईल अशी पदवी हातात घे. काम तू आज करतोस तेवढंच आणि तसंच करशील, पदवीने ते सुधारणार नाही. पण मालकाच्या सहीशिवाय इथे राहायची सोय सध्या तरी पदवीवाल्यालाच आहे.